वाहनाची कुरकुर : दोषशोधनाचा एक धडा

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप, शाळेची बस, ग्रामपंचायतीची घंटागाडी किंवा पाण्याचा टँकर यांच्याशिवाय ग्रामीण भागातील सार्वजनिक कामकाजाची आज कल्पनाही करता येत नाही. या वाहनांना खडीचे व कच्चे रस्ते तुडवावे लागतात, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल सोसावा लागतो, आणि माणसांचा व सामानाचा बहुतेक भार त्यांच्या मागच्या चाकांवर पडतो. अशा वाहनाच्या मागच्या भागातून एके दिवशी कुरकुर ऐकू येऊ लागते. खड्ड्यात चाक गेले की ती होते, गतिरोधकावरून गाडी उतरली की होते, कोणी मागे चढले तरी होते.

या आवाजाकडे पाहण्याच्या दोन रीती सर्वत्र आढळतात. काही ठिकाणी तो चालकाची तक्रारखोर वृत्ती समजून दुर्लक्षिला जातो. काही ठिकाणी गाडी लगोलग दुरुस्तीस पाठविली जाते, अंदाजाने एखादा भाग बदलला जातो, देयक मंजूर होते, आणि आठवड्याभरात आवाज पुन्हा सुरू होतो. दोन्ही रीतींचा शेवट एकच होतो. काही काळाने सर्वांच्या कानांना तो आवाज सवयीचा होतो. त्याच आवाजाआड एखादा तडकलेला पाटा किंवा सैल झालेला बोल्ट दडलेला असेल, तर तो कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून कुरकुरीचा माग काढणे हा केवळ प्रवासाच्या सुखाचा प्रश्न नाही. त्यात प्रवाशांची सुरक्षितता आणि सार्वजनिक पैशाचा योग्य विनियोग या दोन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

हा माग काढण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. पद्धत मात्र लागते. ती पद्धत कोणती, याचा विचार पुढे केला आहे.

आवाज निर्माण कसा होतो

वंगण आटलेल्या बैलगाडीच्या चाकाची करकर, बिजागरीची कुरकुर आणि फळ्यावर चुकीच्या कोनात धरलेल्या खडूची किंकाळी या तिन्हींचे शास्त्रीय कारण एकच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले असता, ते स्थिर असताना त्यांच्यातील घर्षण जास्त असते आणि एकदा घसरू लागले की ते कमी होते. त्यामुळे एक पृष्ठभाग दुसऱ्याला क्षणभर चिकटून राहतो, ताण वाढतो, मग तो एकदम घसरतो आणि पुन्हा चिकटतो. ही चिकट-घसर क्रिया एका सेकंदात शेकडो वेळा घडली म्हणजे ती कंपने कानाला कुरकुर म्हणून ऐकू येतात. व्हायोलिनच्या तारेवर राळ लावलेला गज फिरविला असता सूर निघतो, तोही याच क्रियेने. विज्ञानाच्या शिक्षकांना घर्षणाचा पाठ शिकविताना या उदाहरणांचा चांगला उपयोग होईल.

यावरून शोधाचा पहिला नियम हाती येतो. कुरकुर ऐकू येते त्या ठिकाणी दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर सरकत असले पाहिजेत, आणि त्यांच्यामधील वंगण, रबर किंवा अस्तर यांपैकी काहीतरी नाहीसे झालेले असले पाहिजे. अशी जागा शोधणे हेच मुख्य काम आहे.

घर्षण व झीज यांकडे होणाऱ्या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली सादर केलेल्या अहवालात असे दाखवून दिले, की वंगण व झीज यांविषयीचे ज्ञान उद्योगांत नीट वापरले गेल्यास त्या देशाची वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंडांची बचत होऊ शकेल. या अहवालापासूनच घर्षण, झीज व वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे स्वतंत्र नाव रूढ झाले.

मागच्या भागाची रचना

रस्त्याचे धक्के चाकाकडून गाडीच्या सांगाड्याकडे जाण्यापूर्वी सौम्य करणाऱ्या रचनेला सस्पेन्शन म्हणतात. ओझे वाहणाऱ्या गाड्यांच्या मागच्या बाजूस बहुधा पाट्यांची स्प्रिंग असते. लवचिक पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकीवर एक ठेवून हा संच तयार होतो. इंग्लंडमध्ये ओबाडिया इलियट यांनी १८०४ च्या सुमारास घोडागाडीसाठी अशा पाट्यांची लंबवर्तुळाकार स्प्रिंग प्रचारात आणली. साधेपणा आणि भार पेलण्याची क्षमता यांमुळे दोनशे वर्षांनंतरही हे तत्त्व टिकून आहे. अॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या जीपगाड्या यांच्या मागच्या बाजूस पाटेच होते, आणि बोलेरोसारख्या गाड्यांत ते आजही आहेत.

या रचनेतील मुख्य अवयव ध्यानात ठेवणे अवघड नाही. सर्वांत लांब पाट्याला मुख्य पाटा म्हणतात. त्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. पुढचा डोळा रबरी किंवा धातूच्या बुशातून चासीला जोडलेला असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेला असतो. भार पडून कमान सपाट झाली की पाट्याची लांबी वाढते, आणि ती वाढ सामावून घेण्यासाठी शॅकल मागेपुढे झुलते. सर्व पाटे मध्यभागी एका सेंटर बोल्टने एकत्र बांधलेले असतात, आणि यू-बोल्टांच्या साहाय्याने संपूर्ण संच अॅक्सलला घट्ट आवळलेला असतो. पाटे आडवे सरकू नयेत म्हणून त्यांना पकडणाऱ्या पट्ट्या, आणि पुष्कळ गाड्यांत पाट्यांच्या टोकांशी घर्षण कमी करणारे प्लास्टिकचे तुकडे असतात. याखेरीज प्रत्येक बाजूस एक शॉक अॅब्सॉर्बर असतो. त्याच्या वरच्या व खालच्या टोकांनाही रबरी बुश असतात.

बहुतेक छोट्या मोटारींत मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असते. तेथे स्प्रिंगच्या वरच्या व खालच्या टोकांखालील रबरी गाद्या आणि अॅक्सलला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे बुश ही आवाजाची नेहमीची ठिकाणे होत. अवयव वेगळे असले तरी शोधाची पद्धत तीच राहते.

पहिली पायरी : नोंद

गाडीखाली जाण्यापूर्वी आवाजाचे वर्णन कागदावर उतरविले पाहिजे. ‘मागून आवाज येतो’ एवढ्या नोंदीचा कोणालाही उपयोग होत नाही. पुढील प्रश्नांची उत्तरे घेतली म्हणजे निम्मा शोध पूर्ण होतो.

आवाज चाक फिरण्याशी निगडित आहे की चाक वरखाली होण्याशी? गुळगुळीत रस्त्यावर, सरळ जाताना, वेगाबरोबर आवाजाचा ठेका वाढत असेल, तर त्याचे मूळ ब्रेक, चाकाचे बेअरिंग किंवा टायर यांत शोधावे लागते. आवाज केवळ खड्ड्यात, गतिरोधकावर किंवा माणसे चढता-उतरताना होत असेल, तर तो सस्पेन्शनचा अथवा त्यावर बसविलेल्या बॉडीचा असतो.

आवाज कोणत्या जातीचा आहे? कुरकुर किंवा चूं-चूं असा आवाज कोरड्या घर्षणाचा द्योतक आहे. ठक् असा एकच आघात झाल्यास सैल जोड किंवा झिजलेला बुश असण्याचा संभव असतो. खडखड बहुधा सुट्या वस्तूची असते. घरघर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखविते.

आवाज केव्हा थांबतो? पावसात नाहीसा होऊन दोन कोरड्या दिवसांनंतर परत येणारा आवाज उघड्या रबराचा किंवा पाट्यांच्या दरम्यानचा असण्याची शक्यता मोठी असते, कारण पाणी तेथे तात्पुरत्या वंगणाचे काम करते. भार वाढविल्यावर तो वाढतो की कमी होतो, पहाटेच्या गारव्यात अधिक असतो की दुपारी, हेही नोंदवावे.

तो कोणत्या बाजूने येतो? चालकाला पुढे बसून मागच्या आवाजाची बाजू नीट ओळखता येत नाही. रुग्णवाहिकेत मागे बसणारी परिचारिका, शाळेच्या बसमधील मागच्या बाकावरचा शिक्षक किंवा घंटागाडीवरचा सफाई कामगार यांना याबाबत अधिक माहिती असते. त्यांना विचारण्यात संकोच करू नये.

दुसरी पायरी : गाडी रिकामी करणे

सस्पेन्शनवर संशय घेण्यापूर्वी गाडीतील सर्व सुट्या वस्तू खाली उतरवाव्यात. जॅक, पाने, स्टेपनी, प्राणवायूच्या नळकांड्याची पकड, स्ट्रेचरची रुळपट्टी, मागच्या आसनाच्या बिजागऱ्या, मागच्या दाराचे रबर, सायलेन्सरचे रबरी लोंबते आधार, हातब्रेकची तार आणि वाहनाच्या क्रमांकाची पट्टी यांपैकी कोणताही भाग कुरकुर करू शकतो. मागचे दार किंचित उघडे धरून उभी गाडी हलविल्यावर आवाज थांबला, तर दाराच्या रबराला साबणाचे पाणी लावून पाहावे. अशी कितीतरी प्रकरणे येथेच निकाली निघतात आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

तिसरी पायरी : उभ्या गाडीची परीक्षा

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. पुढच्या चाकांच्या पुढे व मागे लाकडी ठोकळे लावावेत. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक सोडावा. हातब्रेक ओढलेला राहिला, तर गाडी वरखाली करताना काही रचनांमध्ये मागचे चाक किंचित फिरू पाहते आणि ब्रेकच्या ड्रममधून कुरकुर येते. त्यामुळे निष्कारण दिशाभूल होते.

आता एकाने मागच्या बंपरवर किंवा पायरीवर उभे राहून गाडी लयीत दाबावी व सोडावी, आणि दुसऱ्याने बाहेरून, जमिनीवर बसून कान द्यावा. आवाज दाबताना येतो, सोडताना येतो की दोन्ही वेळी, हे पाहावे. एक लांब लाकडी काठी घेऊन तिचे एक टोक संशयित जोडावर आणि दुसरे कानामागच्या हाडाला टेकविले, तर ती वैद्याच्या नळीप्रमाणे काम देते. आवाजाच्या उगमाजवळ तो ठळक व कोरडा ऐकू येतो, दूरच्या जोडावर तो मंद होतो. जोडाच्या बाहेरील बाजूवर तळहात ठेवल्यास त्या क्षणाची थरथरही जाणवते. मात्र पाट्यांच्या फटीत किंवा शॅकलच्या आत बोटे कदापि घालू नयेत.

येथे सुरक्षेचा एक नियम अपवादाविना पाळला पाहिजे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाता कामा नये. चासीखाली भक्कम घोड्या लावल्यावरच खाली जावे, आणि कोणी खाली असताना गाडी हलवू नये.

चौथी पायरी : पाण्याची कसोटी

शंकेचे क्षेत्र एका बाजूपुरते मर्यादित झाले, की साध्या पाण्याने नेमकी जागा सापडू शकते. लहान पिचकारीने किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने एका वेळी एकाच जोडावर पाणी सोडावे, गाडी दाबावी आणि ऐकावे. सर्वांत खालच्या जोडापासून आरंभ करून वर जावे. वरच्या जोडावर आधी पाणी सोडले, तर ते ओघळून खालचा जोडही भिजवते आणि दोहोंपैकी दोषी कोण ते कळत नाही. ब्रेकच्या ड्रमवर पाणी जाऊ देऊ नये. ज्या जोडावर पाणी पडताच कुरकुर थांबते, तो जोड वाळल्यावर ती पुन्हा सुरू झाली पाहिजे. दोनदा असे घडले, म्हणजे निष्कर्ष पक्का समजावा.

पाणी हा उपचार नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ते केवळ साक्षीदार आहे. तेल किंवा ग्रीस यांचा वापर करून अशी परीक्षा घेतली, तर ते पसरते, टिकून राहते आणि पुढचा सर्व शोध निरुपयोगी करून टाकते.

पाण्याने निर्णय लागला नाही, तर एक एक अवयव बाजूला करून पाहावे. शॉक अॅब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवून गाडी दाबली आणि आवाज नाहीसा झाला, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या बुशात आहे. आवाज कायम राहिला, तर शॉक अॅब्सॉर्बर निर्दोष ठरतो आणि नव्या जोडीचा खर्च वाचतो. कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत शॉक अॅब्सॉर्बर सोडल्यावर अॅक्सल वाजवीपेक्षा खाली लोंबू शकतो, म्हणून तेथे हे काम कार्यशाळेतच करावे. दोन अवयव एकाच वेळी बदलण्याचा मोह मात्र टाळावा. तसे केल्यास आवाज गेला तरी कशामुळे गेला हे समजत नाही, आणि तो परत आला तर शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

एक उदाहरण

ही पद्धत प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, हे समजण्यासाठी एका काल्पनिक रुग्णवाहिकेचे उदाहरण घेता येईल. डोंगराळ तालुक्यातील एका आरोग्य केंद्राच्या या गाडीतून चार महिने कुरकुर येत आहे. दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर बदलून झाले आहेत आणि आवाजात काहीही फरक पडलेला नाही. आता नव्या पाट्यांच्या संचाचा प्रस्ताव तयार होत आहे.

प्रस्तावावर सही करण्यापूर्वी वैद्यकीय अधिकारी आठ दिवसांची नोंद मागवितात. नोंदीतून असे दिसते, की सपाट डांबरी रस्त्यावर आवाज नाही. रुग्णाचे स्ट्रेचर आत चढविताना तो येतो. पावसाच्या दिवशी तो येत नाही. मागे बसणाऱ्या परिचारिकेच्या मते तो डाव्या बाजूचा आहे. एवढ्या माहितीवरून ब्रेक, बेअरिंग व उजवी बाजू वगळली जाते. गाडी रिकामी करून दाबली असता आवाज कायम राहतो, म्हणून सुट्या वस्तूही वगळल्या जातात. पाण्याच्या कसोटीत शॉक अॅब्सॉर्बरच्या खालच्या बुशावर पाणी सोडून फरक पडत नाही. पाट्याच्या पुढच्या डोळ्यावर सोडूनही पडत नाही. शॅकलच्या खालच्या बुशावर पाणी पडताच मात्र गाडी मुकी होते. तपासणीत त्या बुशाचे रबर एका बाजूने फाटलेले आढळते. बदलावयाचा भाग पाट्यांच्या संचाच्या मानाने अगदी किरकोळ किमतीचा आहे.

प्रकरण येथे संपत नाही. शॅकल तपासण्यासाठी चिखलाचा थर खरवडला जात असताना मिस्त्रीला डाव्या यू-बोल्टाच्या नटांभोवती तांबूस भुकटी दिसते. दोन पोलादी पृष्ठभाग सैल राहून एकमेकांवर अतिसूक्ष्म अंतरात घासत असले म्हणजे अशी गंजाची भुकटी पडते. पाना लावून पाहता नट सैल निघतात. यू-बोल्ट सैल असले म्हणजे अॅक्सलला जागेवर धरून ठेवण्याचा सारा भार एकट्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला, तर घाटातील वळणावर मागचा अॅक्सल एका बाजूने सरकू शकतो. कुरकुर स्वतः निरुपद्रवी होती. तिचा उगम शोधण्यासाठी कोणीतरी गाडीखाली वाकून पाहिले, म्हणून सैल नट वेळेवर सापडले.

उपाय आणि अपाय

जागा सापडल्यावर उपाय त्या जागेच्या स्वरूपाप्रमाणे करावा लागतो. ग्रीस निपल असलेल्या धातूच्या बुशात व शॅकलच्या पिनेत ग्रीस गनने नवे ग्रीस भरावे. जुने, काळे ग्रीस दोन्ही कडांनी बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत ते भरले पाहिजे. ग्रीस आत जात नसेल, तर निपल बुजला आहे किंवा पिनेतील वाट बंद झाली आहे असे समजून ती साफ करावी. जाम झालेली शॅकल पाट्याला लांब होऊ देत नाही, त्यामुळे मुख्य पाट्यावर अवाजवी ताण येतो.

पाट्यांच्या दरम्यान आवाज होत असेल, तर भार उतरवून पाट्यांमधील फटी मोकळ्या कराव्यात, गंज व माती तारेच्या ब्रशने काढावी आणि निर्मात्याने सुचविले असल्यास ग्रॅफाइटयुक्त ग्रीस लावावे. टोकांशी असलेले प्लास्टिकचे तुकडे झिजले असतील, तर ते बदलावेत. अशा तुकड्यांच्या पाट्यांत ग्रीस भरण्याची सामान्यतः आवश्यकता नसते.

रबरी बुशाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. खनिज तेल, डिझेल किंवा साधे ग्रीस लागले असता नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि फाटते. म्हणून रबराला चालणारे सिलिकोनचे वंगणच वापरावे. फाटलेल्या बुशावर वंगणाचा उपाय करू नये, तो बदलावा. नवा बुश बसविल्यावर त्याचा बोल्ट शेवटचा कधी आवळावा, हेही महत्त्वाचे आहे. गाडी जॅकवर असताना पाटा खाली लोंबलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेल्या स्थितीत काम करते. असा बुश अल्पावधीतच कुरकुरू लागतो व फाटतो. यास्तव गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच बोल्टाचा अखेरचा आवळ द्यावा.

यू-बोल्टांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे, सारख्या ताणाने आणि निर्मात्याने दिलेल्या मापाइतके आवळावेत. काही अंतर गाडी चालविल्यावर ते पुन्हा तपासावेत, कारण नव्याने बसविलेला जोड स्थिरावताना किंचित सैल होतो.

पाट्यांवर जळके ऑइल चोपडण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. तिने आवाज दोन-चार दिवस थांबतो, हे खरे आहे. परंतु त्या तेलावर धूळ बसून खरडणारा लेप तयार होतो, रबराचे भाग खराब होतात आणि ओघळ ब्रेकच्या अस्तरापर्यंत गेल्यास ब्रेकची पकड कमी होते. सर्वांत मोठा तोटा हा, की तेलाच्या काळ्या थराखाली पाट्यावरची बारीक भेग दिसेनाशी होते. आवाज बुजविणे आणि दोष दूर करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गाडी केव्हा थांबवावी

काही लक्षणे आढळली, तर शोधासाठी दिवस काढण्याचा अधिकार कोणालाच नाही. गाडी त्याच वेळी सेवेतून थांबविली पाहिजे. सपाट जागी रिकामी गाडी एका बाजूस कललेली दिसणे, कोणत्याही पाट्याला भेग किंवा तुटलेले टोक असणे, पाटा संचातून आडवा सरकलेला असणे, यू-बोल्ट किंवा शॅकल सैल असणे, डाव्या व उजव्या मागच्या चाकांचे मडगार्डपासूनचे अंतर ठळकपणे वेगळे असणे आणि सरळ रस्त्यावर गाडी तिरकी चालणे ही ती लक्षणे होत. चाकाच्या फिरण्याबरोबर वाढत जाणारी घरघर, ब्रेक लावताना धातूवर धातू घासल्याचा आवाज किंवा एका चाकापाशी जळका वास ही लक्षणे सस्पेन्शनबाहेरची असली, तरी तितकीच गंभीर आहेत. पाटे बहुधा मध्यभागी, सेंटर बोल्टाच्या भोकापाशी तुटतात. ती जागा यू-बोल्टांच्या पट्टीखाली झाकलेली असल्याने तेथे विशेष बारकाईने पाहावे लागते.

कार्यालयाचे उत्तरदायित्व

वाहनाचे दोषशोधन हे मिस्त्रीचे काम आहे, असे म्हणून कार्यालयाला मोकळे होता येणार नाही. मिस्त्रीला जी माहिती मिळते, तिच्यावरच त्याचा निर्णय अवलंबून असतो, आणि ती माहिती कार्यालयातून जाते. गाडीच्या लॉगबुकात किलोमीटर व इंधन यांच्या नोंदी काटेकोरपणे होतात. तेथेच आवाजाची तारीख, रस्ता, भार, हवामान व बाजू यांसाठी दोन ओळी ठेवल्या, तर अनेक अनावश्यक देयके टळतील. दुरुस्तीच्या देयकासोबत बदललेला जुना भाग परत मागविणे, त्यावरील झिजेची खूण पाहणे आणि दुरुस्तीनंतर आवाज थांबला किंवा नाही याची आठ दिवसांनी नोंद घेणे, एवढे तीन नियम पाळणे कोणत्याही कार्यालयाला शक्य आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनाही यात स्थान आहे. घंटागाडीच्या किंवा टँकरच्या दुरुस्तीचा विषय सभेपुढे आला, की खर्च किती या प्रश्नाबरोबर दोष नेमका कोठे आढळला आणि तो कसा निश्चित केला, हेही त्यांनी विचारावे. वाहनावर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक ओझे लादले जात असेल, तर नवे पाटेही फार काळ टिकणार नाहीत, ही गोष्ट सदस्यांनीच ठरावाद्वारे नियंत्रणात आणावयाची आहे.

चालकाचे स्थान या सर्वांत प्रथम येते. गाडीचा नेहमीचा आवाज त्याच्या कानात बसलेला असतो, आणि त्यात पडलेला फरक इतर कोणाच्याही आधी त्याला कळतो. त्याने सांगितलेली गोष्ट लिहून घेतली जाते, तिचा पाठपुरावा होतो आणि दोष सापडल्यावर त्याला तो दाखविला जातो, असा अनुभव आला म्हणजे पुढील वेळी तो अधिक लवकर व अधिक नेमके सांगतो. त्याच्या म्हणण्याला कोणी किंमत देत नसेल, तर तो सांगणे सोडून देतो. मग रात्रीअपरात्री प्रसूतीसाठी निघालेल्या मातेला घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीत दोषाची जाणीव करून देणारे कोणीही उरत नाही.

पावसाळा संपल्यावर, चिखल वाळण्यापूर्वी, प्रत्येक सार्वजनिक वाहनाचा मागचा भाग धुऊन, घोड्यांवर घेऊन, वर सांगितलेल्या क्रमाने एकदा तपासण्यास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही. मोटेच्या चाकाने कुरकुर केली तर शेतकरी मोट थांबवून वंगण घालीत असे, कारण त्या चाकावर आपले पीक अवलंबून आहे हे तो जाणत होता. सार्वजनिक वाहनाच्या चाकांवर साऱ्या गावाचा भरवसा असतो, आणि त्यांची कुरकुर ऐकून घेणारे कोणीतरी प्रत्येक कार्यालयात असले पाहिजे.